चार तारांचा कारकून

कुठल्याही ऑर्केस्ट्राला जा. गायक सगळ्यात पुढे असतो, कारण आपण दिसलंच पाहिजे असं त्याला वाटत असतं. गायिका त्याच्याही पुढे असते, कारण तिची साडी नवी असते. निवेदक या दोघांच्या मध्ये असतो, कारण त्याला तिथून हलवणं अजून कुणालाच जमलेलं नसतं. आणि अगदी मागे, ड्रमवाल्याच्या झांजांच्या आडोशाला, एक इसम गंभीर चेहऱ्याने उभा असतो. त्याच्या गळ्यात गिटार असते. पण तिची मान जिराफासारखी लांब आणि तारा मात्र चारच. पुढच्या गिटारवाल्याला सहा, याला चार. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, माणूस अजून प्रोबेशनवर असावा. कन्फर्म झाला की उरलेल्या दोन मिळतील.

हा बेस गिटारवाला. निवेदक वादकांची ओळख करून देतो तेव्हा याचं नाव शेवटी येतं, आणि नेमका त्याच वेळी माइक कुंई करतो. कार्यक्रम संपल्यावर याला भेटायला कुणी आलंच, तर ते "स्कूटर जरा बाजूला घेता का?" म्हणून.

मला या माणसाबद्दल पहिल्यापासून आत्मीयता आहे. मी बँकेत क्लार्क आहे, तेवीस वर्षं. क्लार्क जे काम करतो ते कुणालाही ऐकू येत नाही. तो रजेवर गेला की मात्र रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू येतं.

या आत्मीयतेला अभ्यासाची जोड मिळाली ती आमच्या भाच्यामुळे. त्याला नोकरी लागून वर्ष झालं होतं, हातात थोडे पैसे साठले होते, आणि एका रविवारी जेवता जेवता त्याने जाहीर केलं की आपण बेस गिटार घेणार. ताईने आमटीची वाटी खाली ठेवली. याआधी घरात एक कीबोर्ड आणि एक कॅमेरा असाच वाजतगाजत आला होता आणि दोघेही आता कपाटावर शेजारी शेजारी निवृत्तीचं आयुष्य काढत होते. त्यात याला आवडलेली गिटार परदेशी, हप्त्यांवर मिळणारी, आणि हप्ते तीन वर्षांचे.

"चारच तारा?" ताई म्हणाली. "मग तेवढ्याच पैशात सहाची का नाही घेत?"

आमचे मेहुणे म्हणाले, "मामाला विचार. तो बँकेत आहे."

आमच्या घरात फ्रिजपासून जावयापर्यंत कुठलीही खरेदी असो, शेवटी ती माझ्याकडे येते. मी बँकेत असल्यामुळे मला सगळ्यातलं कळतं, अशी समजूत आहे. ती मोडून काढावी असं मला कधी वाटलेलं नाही. त्यामुळे पुढचे पंधरा दिवस भाचा रोज रात्री मोबाइल घेऊन यायचा आणि निरनिराळ्या बेस गिटारी मला ऐकवायचा. मला ऐकू यायचं ते एकच : ढुब.

"मामा, मोबाइलवर नाही कळणार. इअरफोन लाव."

कारण असं आहे. या वाद्याची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ हेलकावे घेते; पुढच्या तीन ५५, ७३ आणि ९८. मोबाइलचा स्पीकर करंगळीच्या नखाएवढा. त्याला ४१ झेपत नाहीत. तो मुद्दल गिळून टाकतो आणि वरवरचे स्वर, म्हणजे त्या मुद्दलावरचं व्याज, तेवढं बाहेर सोडतो. पण आपला कान मोठा हुशार. तो व्याजाचे आकडे पाहून मुद्दल किती असेल ते काढतो आणि नसलेला खर्ज आपल्याला ऐकवतो. रिकव्हरी डिपार्टमेंटला एवढं जमलं असतं, तर आमच्या बँकेचं चित्र वेगळं असतं.

मी इअरफोन लावले आणि दुसऱ्या दिवसापासून मला गोडी लागली. त्यातून भाच्याने एक गोष्ट अशी सांगितली की मी खुर्चीत सरसावून बसलो. हे वाद्य ज्याने जगभर चालू केलं तो लिओ फेंडर हिशेबनीस होता! कॉलेजात अकाउंटन्सी शिकलेला. आधी एका बर्फाच्या कंपनीचे हिशेब ठेवायचा, मग कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात. मंदीत नोकरी गेली, म्हणून १९३८ मध्ये फुलर्टन गावात त्याने रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे वादक आपले ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणू लागले आणि त्यांची रडगाणी ऐकता ऐकता हा गिटारी बनवू लागला. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती ती शेवटपर्यंत नाहीच आली. कॉमर्सच्या माणसाचं हे असंच असतं. पैसे लोकांचे, हिशेब आपला.

त्या काळी खर्ज भरायला डबल बेस असायचा, म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन. गावोगाव फिरणारा वादक ते मोटारीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि एवढं वाहून नेऊन विजेच्या गिटारींपुढे ते ऐकू यायचं नाही. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकात विजेवरचं बेस गिटार करून पाहिलं होतं, पण त्याचा फारसा खप झाला नाही. फेंडरने १९५१ मध्ये गळ्यात अडकवता येईल असं वाद्य काढलं आणि त्याच्या दांडीवर सतारीला असतात तसे पडदे बसवले. बोट पडद्यांच्या मध्ये कुठेही ठेवा, स्वर नेमका लागणार. त्याचं नाव 'प्रिसिजन बेस', म्हणजे काटेकोर. वाद्याला हे नाव हिशेबनिसाशिवाय दुसरं कोण देईल?

आता आवाज कुठून येतो ते पाहू. तारांच्या खाली पिकअप नावाची एक डबी असते. तिच्यात लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. १८३१ साली फॅरडेने जे दाखवलं तेच. म्हणजे पिकअप काही ऐकत नाही. तो तारेच्या हालचालीची नुसती नोंद घेतो. नोंद कुठे बसून घेतली याला मात्र फार महत्त्व आहे. घोडीजवळ तार जेमतेम थरथरते. तिथे पिकअप बसवला की खर्ज कमी, वरचे स्वर जास्त, आवाज किंचित नाकातला पण शब्द न् शब्द स्पष्ट, आमच्या ऑडिटरसारखा. तोच तारेच्या मध्याकडे सरकवला की आवाज गोल, भरदार आणि तृप्त, जेवून आलेल्या ऑडिटरसारखा.

प्रिसिजनला पिकअप एकच. १९५७ पासून त्याचे दोन तुकडे केलेले आहेत : एक जाड दोन तारांसाठी, एक बारीक दोन तारांसाठी, दोन्हींचे वेढे अशा हिशेबाने घेतलेले, की विजेची घरघर एकाची दुसऱ्यात वळती होऊन शिल्लक शून्य. १९६० मध्ये फेंडरने दुसरं वाद्य काढलं, 'जॅझ बेस'. त्याची दांडी खुंट्यांकडच्या टोकाला दीड इंच रुंद, प्रिसिजनची मूळची पावणेदोन. शिवाय पिकअप दोन आणि दोघांचे कान पिळायला दोन वेगळी बटणं. एक घोडीजवळचा, एक मधला. प्रिसिजनवाल्याला आवाजाचा एकच नळ. जॅझवाल्याला थंड-गरम असे दोन, हवं तसं मिसळून घ्या. फक्त दोन्ही बटणं सारखी उघडी असतील तरच घरघर मिटते. एक कमी केलं की आपल्याकडची ५० सायकलची वीज लगेच कुरकुरायला लागते. जॉइंट अकाउंट म्हणतात ते हेच. दोघांच्या सह्या असतील तोवरच शांतता.

जर्मनीचं हॉफनर त्याहून निराळं. व्हायोलिनच्या आकाराचं, आतून पोकळ, आणि त्याच्या तारा फेंडरच्या ३४ इंचांऐवजी ३० इंचांच्या. आखूड तारेवर तोच स्वर काढायचा तर ती सैल ठेवावी लागते. म्हणून आवाज मऊ, गुबगुबीत आणि लवकर विझणारा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गला हे सुमारे तीस पौंडांना घेतलं. घ्यायचं कारण ऐकून ताईसुद्धा खूश झाली. एक तर स्वस्त. आणि दुसरं, तो डावखुरा, वाद्य दोन्ही बाजूंनी सारखं, त्यामुळे उलटं धरलं तरी विचित्र दिसत नव्हतं. आवाजाचा विचार बहुधा नंतर झाला असावा.

फेंडरने १९६५ मध्ये आपली कंपनी एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. (हिशेबनिसाच्या हातून आयुष्यात असं एक तरी व्हाउचर पास व्हावं.) पुढे दुसऱ्या कंपनीसाठी त्याने केलेलं 'स्टिंगरे' १९७६ मध्ये आलं. त्याच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी; वाद्यातल्या वाद्यातच खर्ज आणि तार फुगवून पाठवायची सोय. अशांना ॲक्टिव्ह म्हणतात आणि बिनबॅटरीच्यांना पॅसिव्ह. ॲक्टिव्हचा आवाज कडक, खणखणीत. फक्त बॅटरी भर कार्यक्रमात संपली, की खातं एका क्षणात इनऑपरेटिव्ह.

राहता राहिलं लाकूड. त्यावरून जगात दोन तट आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार नाही. एक म्हणतो, आवाज लाकडाचा. दुसरा म्हणतो, चुंबकाला लाकूड दिसत नाही. माझ्या मते दोघांचंही थोडं थोडं जमेला धरावं. तार शेवटी दोन्ही टोकांना लाकडालाच बांधलेली असते. फेंडरच्या बारीक तारेवर पाचव्या-सातव्या पडद्याच्या आसपास एक जागा अशी असते, की तिथला स्वर पटकन मरतो. कारण त्या कंपनाला दांडी स्वतःच डोलते आणि तारेची शक्ती खाऊन टाकते. या घरच्या चोराला वैतागून १९८०च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने लाकूडच काढून टाकलं. कार्बनच्या धाग्यांचं वाद्य, तेही बिनडोक्याचं. खुंट्या वरून काढून खाली घोडीपाशी बसवल्या. शाखेत डोक्याविना काम चालतं हे मी पाहिलं होतं. वाद्यातही चालतं हे तेव्हा कळलं.

एवढा अभ्यास करून आम्ही एका दुसऱ्या शनिवारी दुकानात गेलो. भाच्याने भिंतीवरची परदेशी जॅझ उतरवून घेतली, शेजारची साधी प्रिसिजनच्या धर्तीची देशी घेतली, आणि एकदा ही, एकदा ती असं सुरू केलं. दोन्हींतला फरक मलाही कळत होता. महागातल्या गिटारीचा आवाज महाग वाटत होता. मी मनातल्या मनात हप्ता काढायला घेतला.

तेवढ्यात काउंटरशी बसलेले एक गृहस्थ उठले. साठीचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. मी त्यांना पेन्शनर समजलो होतो. ते एका ऑर्केस्ट्रात तीस वर्षं बेस वाजवत होते. आपल्या जुन्या गिटारीच्या बटणात खरखर येते म्हणून दुरुस्तीला आले होते.

"बघू," ते म्हणाले.

त्यांनी आधी ती देशी घेतली आणि एक साधीशी चाल वाजवली. मग परदेशी घेतली आणि तीच चाल वाजवली. दोन्ही वेळा दुकानातला टाचणी पडल्यासारखा शांतपणा सारखाच. भाच्याला त्यांनी पाठ करून उभं केलं आणि विचारलं, "आता कुठली?" तो तीनदा चुकला. त्यांनी एवढंच केलं होतं, की देशी वाजवताना बोटं घोडीकडे सरकवली होती आणि परदेशी वाजवताना दांडीकडे. पिकअप जे करतो ते बोटाला आधीच येत होतं.

"वाद्याचा फरक असतो," काका म्हणाले, "नाही असं नाही. पण आधी तारा बदलून बघ. गोल तारेची गुंडाळी असते ती पियानोसारखी वाजते, चपट्या पट्टीची असते ती मऊ. इथे घोडीपाशी स्पंजाचा तुकडा सार, आणखी निराळं वाजेल. आणि मग हे." त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं वर केली. त्यांच्या टोकांना घट्टे पडले होते.

मला एकदम मिरज आठवली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो एवढा भोपळा, ते लाकूड, ती कलाकुसर. आणि शेवटी तंबोरा बोलायला लागतो तो घोडीवर तारेखाली सारलेल्या दोऱ्यामुळे. दोरा रेसभर इकडे-तिकडे झाला की जवारी गेली. लाखाच्या वाद्याची किल्ली पैशाच्या दोऱ्यात, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे.

बोटांच्या गोष्टी भाच्याकडेही होत्या. लॅरी ग्रॅहॅम आईबरोबर कार्यक्रम करायचा. पुढे साथीला ड्रमवालाच उरला नाही, तेव्हा त्याने तारांवर अंगठा आपटून ढोलाची भरपाई केली, आणि त्यातून वाजवण्याची एक नवी तऱ्हाच जन्माला आली. आमच्याकडे अंगठा उठवणाऱ्याला फक्त स्टॅम्प पॅड मिळतो. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही, म्हणून गिटार वाजवणाऱ्या कॅरल के यांच्या हाती ते वाद्य दिलं गेलं. त्या नखीने वाजवायच्या, ती त्यांची खूण झाली. रजेवरच्या माणसाचं टेबल सांभाळता सांभाळता ते कायमचं गळ्यात पडतं, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. त्यांनी निदान त्याचं सोनं केलं.

दुकानदाराने काकांची गिटार दुरुस्त करून आणली. रंग उडालेली, कोपरा जिथे टेकतो तिथे लाकूड उघडं पडलेलं. "काका, विकून टाका आता," तो म्हणाला. "हल्ली कीबोर्डवालाच डाव्या हाताने बेस वाजवतो. नाहीतर पेनड्राइव्ह असतोच."

"म्हणूनच महिन्याला दोनच कार्यक्रम असतात," काका म्हणाले. त्यांनी बटण फिरवून पाहिलं. खरखर थोडी राहिलीच होती.

"आवाज बोटांत असतो ना, काका?" भाचा म्हणाला. "मग हीच कशाला?"

"आवाज बोटांत असतो," काका म्हणाले, "पण बोटं हिच्याकडे राहायला असतात." आणि गिटार पाठीवर टाकून बसस्टॉपकडे गेले.

परत येताना लोकलमध्ये भाच्याने मला जेम्स जेमर्सनची गोष्ट सांगितली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा हा बेसवाला. कंपनीच्या स्टुडिओत बसून साठच्या दशकात त्याने कंपनीची ढीगभर गाणी वाजवली. टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल' सुरू होतं तेच त्याच्या बेसने. वाद्य १९६२ ची प्रिसिजन, तारा चपट्या आणि तुटल्याशिवाय न बदललेल्या, घोडीपाशी स्पंज, आणि वाजवायला उजव्या हाताची एकच तर्जनी. त्या एका बोटावर अख्खं जग नाचलं. पण कंपनी वादकांची नावं तबकड्यांवर छापत नसे. त्याचं नाव आलं ते १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. पुढे कंपनी लॉस एंजेलिसला गेली, हाही मागोमाग गेला. काम कमी होत गेलं. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. मायकेल जॅक्सन उलटा सरकत चालला तोच हा सोहळा. जेमर्सन तिथे होता. तिकीट काढून, प्रेक्षकांत. त्याच वर्षी त्याची ती गिटार चोरीला गेली आणि काही दिवसांतच, ऑगस्टमध्ये, तो वारला. वय ४७.

मॅकार्टनीचं हॉफनरही १९७२ मध्ये लंडनला एका व्हॅनमधून चोरीला गेलं होतं. ते ससेक्समधल्या एका घराच्या माळ्यावर सापडलं आणि ५१ वर्षांनी त्याला परत मिळालं. २०२४ च्या फेब्रुवारीत बातमी आली. जेमर्सनची प्रिसिजन सापडली नाही. कुणाच्या तरी माळ्यावर असेलही. चोराने ती गळ्यात अडकवून पाहिली असेल आणि त्याला ढुब एवढंच ऐकू आलं असेल.

दादर येईपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग भाचा म्हणाला, "मामा, ती देशीच घेतो. चपट्या तारा टाकून." मी म्हटलं, "हप्ता?" तो म्हणाला, "रोख." बँकेचं एक कर्ज गेलं, पण काही नुकसानं माणसाने आनंदाने सोसावीत.

गिटार आली. कपाटावर जागा केलेली होती, ती ताईने सहा महिने राखून ठेवली. पण तिथे काही गेली नाही. रोज रात्री नऊ ते दहा भिंतीतून ढुब येतं, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, बरं वाटतं, कुणीतरी जागं आहे.

परवा त्याच्या कंपनीचं स्नेहसंमेलन झालं. आम्ही सगळे गेलो. भाचा अर्थातच ड्रमच्या मागे. ताई पहिल्या गाण्यापासून कान टवकारून बसली होती. "मला याचं काहीच ऐकू येत नाहीये," ती दोनदा म्हणाली. "नुसता उभा आहे का?" मेहुणे म्हणाले, "चार तारांत किती ऐकू येणार?"

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर चार ओळी अशा होत्या, की तिथे बेस थांबतो. गाणारा गात होता, गिटारवाला वाजवत होता, टाळ्याही चालू होत्या. ताईने दचकून माझा दंड धरला.

"अरे, काय बंद पडलं?"

"तुझा मुलगा," मी म्हटलं.